डोळ्यातला शेवटचा ठिपका

त्र्यंबकशेठनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढं धरला तेव्हा माझे दोन्ही हात रंगानं भरले होते.

"घे बाई," ते म्हणाले, "आज पेपरात आलंय आपलं."

सेलूच्या स्टेशनामागं त्यांची पत्र्याची लांबट शेड होती. तिथं वर्षभर महालक्ष्म्यांचे मुखवटे व्हायचे. भाद्रपदात तीन दिवस घरोघर येणाऱ्या त्या दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. साच्यातून निघालेले पांढरेफटक चेहरे शेवंता अंगरंगानं न्हाऊ घालायची, बाकीच्या ओठ, कुंकू, नथ करायच्या, आणि सगळ्यांत शेवटी ते माझ्याकडं यायचे. डोळे मी काढायची. आठ वर्षं मीच काढत होते.

शेवंतानं पेपर उलगडून माझ्यासमोर धरला. फोटोत शेठ एका जोडीशेजारी हात जोडून बसले होते. धाकटीच्या पापणीशी ब्रश टेकवलेला एक हात कडेनं आत आला होता, मनगटापर्यंतच. दोन हिरव्या बांगड्या आणि अंगठ्याखालचा भाजल्याचा डाग. फोटोखाली शेठचं बोलणं छापलं होतं. देवी पहाटे स्वप्नात आली, म्हणाली, मला अशी बघू दे. तेव्हापासून आमच्या मुखवट्यांना ही नजर आहे.

मी हात पदराला पुसले.

"शेठ, हा हात माझा आहे."

"मग? मी कुठं म्हणतो माझा आहे? मी काय बांगड्या भरतो का?"

बाया हसल्या. शेवंता हसली नाही.

"आणि हे स्वप्न?"

त्यांनी एक पेढा माझ्या पाटावर, रंगाच्या वाटीशेजारी ठेवला. "हे बघ पद्मा, हात तुझा असेल. पण तो चालतो कारखान्याच्या रंगात, कारखान्याच्या उजेडात. नजर कारखान्याचीच की गं."

पेढा संध्याकाळपर्यंत तिथंच होता. मग त्याला मुंग्या लागल्या.

त्या नजरेचं सांगते. मी कामाला लागले तेव्हा दोन्ही मुखवटे अगदी एकसारखे करायची रीत होती. मोठे, ताणलेले, समोर बघणारे डोळे. थोरली कोण नि धाकटी कोण हे साडीवरून ओळखायचं. मीही दोन वर्षं तसेच काढले, आणि दोन वर्षं मला वाटत राहिलं की या दोघी एकमेकींना ओळखतच नाहीत.

बहिणी कशा असतात ते मी घरी पाहिलं होतं. माझी आई गोदावरी थोरली, मावशी कावेरी धाकटी. आमचं गाव सेलूपासून एस.टी.नं तासाभराच्या अंतरावर. मावशी यायची ती दुपारच्या गाडीनं. आई शेतातून आलेली असायची, डोक्यावरचा भारा उतरवून ओट्याला टेकलेली, पापण्या मिटत आलेल्या. मावशी बोळाच्या तोंडाशीच थांबायची. हाक मारायची नाही. नुसती बघायची, हसू ओठांवर यायच्या आधी डोळ्यांत आलेलं. मग आईची मान आपोआप तिकडं वळायची. आईनंच एकदा पीठ चाळता चाळता जुळवून म्हटलं होतं:

थोरली गं बहीण दारात दमली
धाकटीनं तिची नजर झेलली

तेवढ्या दोन ओळींवर माझे डोळे उभे राहिले. थोरलीच्या पापण्या मी जराशा जड केल्या, तिचं बुबुळ किंचित धाकटीकडं कललेलं ठेवलं. धाकटी थेट समोर बघायची, पण खालची पापणी एवढी वर उचललेली की ही आता हसणारच असं वाटावं. ते जमायला तीन वर्षं गेली. कितीतरी चेहरे मी रॉकेलच्या बोळ्यानं पुसले. शेठ ओरडायचे, लोकांना सवय आहे तसं काढ म्हणायचे. मी ऐकलं नाही. मग गिऱ्हाइकं सांगून मागायला लागली, ती बहिणी-बहिणींची जोडी द्या. तेव्हा शेठ गप्प झाले.

सगळं काम त्या शेवटच्या ठिपक्यात होतं. बुबुळावरचा उजेडाचा पांढरा ठिपका. तो मी ब्रशानं देत नसे. बाभळीचा काटा पांढऱ्यात बुडवून देत असे. दोन्ही डोळ्यांत तो एकाच अंगाला, एकाच उंचीवर पडला की चेहरा जागा होतो. ठिपका देताना मी श्वास धरायची, आणि शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. मग मी दोन्ही मुखवटे कोठ्यांवर चढवायची. कोठी म्हणजे ज्या पत्र्याच्या धडावर महालक्ष्मी उभी करतात ते. समोर पाट टाकून मी बसायची आणि बघायची, ही मला बघते का. कारण शेडमध्ये मुखवटे भुश्शानं भरलेल्या ट्रेमध्ये उताणे ठेवलेले असतात, आणि उताण्या चेहऱ्याची नजर कळत नाही. तो आढ्याकडं बघतो एवढंच दिसतं. नजर कळते ती चेहरा उभा राहिल्यावर, त्याच्या पुढ्यात कुणी बसल्यावर.

हे शेठना कधी कळलं नाही. ते ट्रेमधूनच माल पास करायचे.

पेपरात आल्यानंतर आठ दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं. औरंगाबादच्या व्यापाऱ्यानं दोनशे जोड्या सांगितल्या होत्या, तशाच, स्वप्नातल्या नजरेच्या. टेबलावर त्यांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे पडला होता.

"याची पट्टी कापणार आहे," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यांवरून. बुबुळ, पापणी, ठिपक्याची जागासुद्धा. पट्टी ठेवायची, रंग मारायचा. मग शेवंता काढील, कुणीही काढील."

"मग मी?"

"तुझे डोळे पण दुखतात म्हणतीस ना हल्ली. एवढी दोनशे करून दे, त्यातली पहिलीच जोडी मी पट्टीला घेतो. पुढल्या वर्षापासून आराम कर."

हे त्यांनी वाईट तोंडानं सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, आणि घरी गेले असते. पण ते अगदी मायेनं बोलत होते. रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशीला बाजूला करावं तसं.

मी म्हणाले, "करते."

घरी जाताना मी वाटेतल्या बाभळीचे नवे काटे मोडून घेतले. लांब, बारीक, कोवळे नसलेले. ते वेचतानाच माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिली जोडी केली. पापण्या माझ्याच, रेघ माझीच, जड ती जड, उचललेली ती उचललेली. कुणी शेजारी जुनी जोडी ठेवली असती तरी फरक सांगता आला नसता. फक्त बुबुळं मी बाहेरच्या अंगाला सरकवली, तिळाच्या टोकाएवढी. आणि ठिपका एका डोळ्यात डाव्या अंगाला दिला, दुसऱ्यात उजव्या.

चेहरा उताणा होता. सुंदर दिसत होता.

शेठ आले, वाकून पाहिलं, म्हणाले, "झकास." ती जोडी घेऊन गेले आणि दुपारभर स्वतः बसून त्यांनी तिच्यावरून एक्स-रेची पट्टी कापली. त्यांच्या काचेच्या दारातून मला त्यांची मान दिसत होती, ब्लेडवर वाकलेली, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आलेली. मी इतकं मन लावून त्यांना कधी काम करताना पाहिलं नव्हतं. मला जे सुख झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. अजूनही ते आठवलं की तोंडाला गोड चव येते, खोटं कशाला बोलू.

दोनशे जोड्या मी दीड महिन्यात केल्या. पाट भिंतीला उभा केला आणि कोठ्या कोपऱ्यात ढकलल्या. चौथ्या दिवशी शेवंता माझ्याजवळ येऊन बसली.

"पद्माक्का, चढवून बघत नाहीस?"

"नाही."

तिनं ट्रेमधली एक धाकटी उचलली, हातभर लांब उभी धरली, आणि मान इकडं तिकडं केली. मग हळूच परत भुश्शात ठेवली.

"देवीचं काम आहे, अक्का."

"देवी त्यांच्या स्वप्नात येते," मी म्हणाले. "येऊन सांगेल की त्यांना."

ती उठून गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर मी ठिपके देताना शेडमधल्या बाया बोलत राहिल्या, आणि मीही कुणाला गप्प केलं नाही.

श्रावण संपायच्या आत माल गेला. थोड्या जोड्या शेठनी परभणीच्या बाजारातल्या त्यांच्या दुकानात ठेवल्या. मी माझे ब्रश धुतले, फडक्यात बांधले आणि निरोप न घेता निघाले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी माहेरी गेले. दरवर्षी जाते तशी. आईकडं तिच्या सासूच्या वेळचे मातीचे मुखवटे होते, धाकटीच्या गालाला तडा गेलेला. मी आठ वर्षं तिला म्हणत होते, पुढल्या वर्षी तुला माझ्या हातची जोडी आणते. दरवर्षी शेवटचा मुखवटासुद्धा विकला जायचा, आणि मी रिकाम्या हातानं जायची. आई कधी बोलली नाही.

त्या वर्षी घर जड होतं. मावशी माघात गेली होती. शेवटचं वर्षभर दोघी बोलत नव्हत्या. माझ्या भावाच्या लग्नात मानपानावरून बिनसलं होतं. मावशी आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा आई म्हणाली, तिनं बोलावलं तर जाईन. मावशीनं बोलावलं नाही. आणि मग निरोप आला तो दुसराच.

उंबऱ्यातच आईनं माझा हात धरला. सोळा भाज्यांचा, पुरणाचा वास, समया लावलेल्या. तिचं तोंड लहान मुलीसारखं झालं होतं.

"डोळे मीट," ती म्हणाली. "मीट म्हणते ना."

मला ओढत तिनं देवघरापुढं नेलं.

"आता बघ. मी स्वतः गेले होते परभणीला. दुकानदाराला म्हटलं, माझ्या लेकीच्या हातची जोडी दे. तो म्हणाला, आजी, लेकीचं माहीत नाही, पण ही पेपरात आलेली नजर आहे. मी म्हटलं, तीच दे, ती माझ्या लेकीचीच आहे."

दोघी उभ्या होत्या. जरीकाठाच्या साड्या, गळ्यात आईची मोहनमाळ, पुढं फराळ, फुलोरा. पापण्या माझ्या, रेघ माझी. थोरली कुठंतरी बघत होती, धाकटी कुठंतरी. त्या खोलीत त्या नव्हत्याच.

आईनं पाट घेतला आणि समोर बसली. थोड्या वेळानं तिनं तो वीतभर डावीकडं सरकवला. मग उजवीकडं. मान वर करून पाहिलं, मग वाकून. मग पाट पार समईजवळ नेला.

"सकाळपासून असंच चाललंय बघ माझं," ती हसत म्हणाली. "तू सांगितलं होतंस ना मला, धाकटी माणसाकडं बघते म्हणून. कावेरीवरनं काढलीस म्हणालीस. म्हणून तर आणली. म्हटलं, तेवढीच घरात येऊन बसेल तीन दिवस."



ती पुन्हा सरकली. आता तिचं हसू गेलं होतं.

"रुसलीय ती. मी गेले नाही ना शेवटचं. सगळ्यांच्या घरी बघत असेल, माझ्याकडं नाही बघायची."

"आई, तसं काही नसतं गं."

"तू केलीस, तुला काय कळत नाही? बस इथं. बघ, बघते का तुझ्याकडं?"

मी तिच्या पाटावर बसले. पुढ्यात माझ्याच हातची जोडी होती, दोनशेपैकी एक. मी वर पाहिलं आणि खाली मान घातली.

तिसऱ्या दिवशी पाठवणी झाल्यावर मी आईला म्हणाले, हे मुखवटे मी घेऊन जाते, जरा हात फिरवायचा राहिलाय डोळ्यांवर. ती मुखवटे धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळत होती. ऐकून थांबली.

"डोळे बदलतेस?"

"बदलत नाही. नीट करते."

"नको," ती म्हणाली. "माणसाची नजर कुणी वळवून देत नसतं, पद्मे. तिच्या मनात येईल त्या वर्षी बघेल. मी आहे की."

त्या वेळी सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. आई, ती मावशी नाही, तो माझा राग आहे. पण सांगितलं असतं तर लेकीच्या हातची म्हणून तिनं अख्ख्या आळीला दाखवलेली ती जोडी काय झाली असती, आणि मी काय झाले असते? मी नुसता पदर सारखा केला आणि गाडीची वेळ विचारली.

शेठचं मात्र मनासारखं झालं. माझ्या मनासारखं. दिवाळीपर्यंत औरंगाबादहून कुरकुर आली. चेहरा छान आहे, कारागिरी सुरेख आहे, पण घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणत. नेमकं काय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढल्या वर्षी शेठनी पट्टीवरून माल काढला, तो बराचसा परत आला. त्याच्या पुढल्या वर्षी व्यापाऱ्यानं मागणीच दिली नाही. मी तोवर घराच्या पडवीत काम मांडलं होतं, वर्षाला तीस-चाळीस जोड्या, एकेक कोठीवर चढवून पाहिलेली. प्रत्येक मुखवट्याच्या आतल्या बाजूला काट्यानं माझं नाव.

तिसऱ्या आषाढात शेठ आले. वाळले होते. बरोबर कापडात गुंडाळलेली जोडी. पडवीतल्या खाटेवर ती त्यांनी ठेवली, उताणीच.

"काय केलंस तेवढं सांग," ते म्हणाले. "मी पाया पडतो तुझ्या. पट्टी लावून लावून डोळे गेले माझे. सगळं तर तसंच आहे."

मी दोन्ही मुखवटे कोठ्यांवर चढवले आणि समोर पाट टाकला.

"बसा."

ते बसले. त्यांनी पाहिलं. पाट वीतभर डावीकडं सरकवला. मग उजवीकडं. मान वर केली, मग वाकले.

"कुठं बघतात गं या?"

हा प्रश्न ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते. उत्तर माझ्याजवळ केव्हाचं तयार होतं, आणि मी ते दिलं.

"स्वप्नात विचारा की तिला, शेठ. तुमच्याच येते ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं. पट्टी आठवली असावी, जीभ बाहेर काढून कापलेली. ते चिडले नाहीत. नुसते पुन्हा मुखवट्याकडं वळले आणि अजून एकदा, उगीचच, पाट थोडा पुढं ओढला. तेवढ्या एका ओढण्यानं माझ्या तोंडातली चव गेली. असाच पाट मी तीन भाद्रपदं पाहत होते, समईच्या उजेडात, दर वर्षी जरा नव्या जागी.

शेड पुढं बंद झाली. शेवंता माझ्याकडं आली, अजून आहे. लोक लांबून येतात, म्हणतात, पद्माबाईंच्या महालक्ष्म्या घरात आल्या की घरच्यासारख्या बघतात. विकल्या गेलेल्या त्या दोनशे जोड्यांतल्या काही माझ्याकडं रंगवायला येतात, कारण मुखवटा घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि रंग उडतो. आली की मी न विचारता डोळे नीट करून देते. आजवर एकसष्ट झाल्या.

आई बारा वर्षं सरकत राहिली. शेवटच्या वर्षी तिला बसता येत नव्हतं, तेव्हा तिनं बाज देवघराच्या दाराशी लावून घेतली आणि कुशीवर पडून बघत होती. मी पाय चेपत होते. ती म्हणाली, "यंदा पण नाही." तक्रार नव्हती. पाऊस आला नाही म्हणावं तसं म्हणाली.

ती जोडी आता माझ्या घरी बसते. आवाहनाच्या सकाळी मी मुखवटे धोतराच्या त्याच तुकड्यातून सोडवते. वाटीत पांढरा रंग कालवते. बाभळीचा काटा त्यात बुडवते, श्वास धरते. थोडं पुसायचं, बुबुळ तिळाएवढं आत घ्यायचं, दोन ठिपके द्यायचे. घटकाभराचं काम आहे.

मग काटा तसाच पुसते. दोघींना कोठ्यांवर चढवते, पाट टाकते आणि समोर बसते. थोड्या वेळानं पाट वीतभर डावीकडं सरकवते.